पहिल्या नंबरचा हेडफोन तुमच्या कानाला का रुचला नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एकात एक तीन प्रश्न गुंतलेत. आधी ते सुटे करतो. तुम्ही बरीच परीक्षणं वाचून, सगळीकडे वाखाणलेला एक वायरचा ओपन-बॅक (मागून उघडा) हेडफोन घेतलात. ऐकता मुख्यतः गळा: ख्याल, ठुमरी, जुनी चित्रपटगीतं, अधूनमधून आजची दणदणीत ठेक्याची गाणी. वेळ रात्रीची, आवाज बेताचा, हेडफोन थेट लॅपटॉपला जोडलेला. चष्मा आहे. अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. मग मित्राकडचा जुना, साधा क्लोज्ड-बॅक (मागून बंद) कानाला लावलात आणि दोन तास कसे गेले कळलं नाही. आता तुम्ही विचारता: माझे कान तयार नाहीत का, सवय होईपर्यंत कळ काढू का, की हा विकून दुसरा घेऊ, आणि कुठला?

कानांबद्दलची शंका आधी काढून टाका. मी गेली बावीस वर्षं स्टुडिओत गाण्यांचं मिक्सिंग करतो, म्हणजे गळा आणि वाद्यं जुळवून एकत्र बसवतो, आणि त्यातला निम्मा वेळ डोक्यावर हेडफोन असतो. चांगले तयार कान असलेल्या दोन माणसांचं हेडफोनवर एकमत झालेलं मी क्वचितच पाहिलंय. तुमची गडबड झाली ती क्रमात. वस्तू आधी घेतलीत आणि आवड आता शोधताय. बहुतेक सगळे असंच करतात, मीही केलं होतं. ते पुढे सांगतो.

परीक्षणांत 'न्यूट्रल' आणि 'फ्लॅट' हे शब्द सारखे येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, न्यूट्रल म्हणजे खरा आवाज, आणि तो आवडला नाही तर दोष आपला. पण हेडफोनच्या बाबतीत खरा आवाज म्हणजे काय, हाच वादाचा मुद्दा आहे. समोर बसून कुणी गात असेल तर तो आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेस्तोवर आपलं डोकं, खांदे, कानाची पाळी आणि कानाची नळी त्याला आकार देतात. ही नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि आतल्या टोकाला बंद. पेनाच्या टोपणात फुंकर मारली की शिट्टी वाजते, तशी हीसुद्धा एका ठिकाणी घुमते. ते ठिकाण साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास येतं. हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, थेट कानाला चिकटतो, त्यामुळे या साऱ्या घडणीतला बराच भाग बदलतो किंवा गळतो. तो हेडफोन बनवणाऱ्याला मुद्दाम भरून द्यावा लागतो. किती भरायचा हे ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने ठरवलं, आणि तो अंदाज तुमच्या कानाच्या घडणीशी जुळेलच असं नाही.

हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी पुढे हा अंदाज लोकांना ऐकवून, त्यांच्याकडून गुण घेऊन बांधला. तोच आजचा 'हार्मन टार्गेट', कुठला स्वर किती मोठा वाजतो हे दाखवणाऱ्या परीक्षणांतल्या आलेखांवरची ती रेषा. त्याच कामातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यांच्या चाचण्यांत साधारण ६४ टक्के लोकांना त्या रेषेजवळचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास (खालचे स्वर) हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे शंभरातले छत्तीस जण 'आदर्श' रेषेपासून थोडे दूरच सुखी होते. पहिल्या नंबरचा हेडफोन न आवडणारे तुम्ही एकटे नाही.

आता रात्रीच्या बेताच्या आवाजाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच. १९३३ साली बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज लहान केला की कानाला सगळे स्वर सारख्या प्रमाणात लहान लागत नाहीत. खालचे स्वर सर्वांत आधी विरून जातात. मोठ्या आवाजात भरदार वाटणारा हेडफोन हळू लावला की हडकुळा लागतो. मधला आणि वरचा भाग तेवढा उरतो. परीक्षण करणारा मोठ्याने ऐकत असेल आणि तुम्ही हळू, तर हेडफोन तोच असूनही तुम्ही दोघं वेगवेगळा आवाज ऐकताय. तुमच्या मित्राच्या हेडफोनला बास थोडा चढा असणार, असा माझा कयास आहे. तो रात्रीच्या आवाजाला बरोबर पुरा पडला. आवाज वाढवा हा यावरचा उपाय नव्हे, हेही सांगून ठेवतो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, असं आहे. तुम्ही हळू ऐकता ते उत्तमच आहे. हेडफोन त्या सवयीला साजेसा हवा.

मी केलेली चूक अशी. सुरुवातीच्या काळात मीही एक नावाजलेला हेडफोन घेतला, वरचे स्वर चांगलेच उजळ असलेला. पहिल्या दहा मिनिटांत मी खूश: केवढे बारकावे, गायिकेने श्वास घेतलेला ऐकू येतोय, बोटाचं नख तारेला लागलेलं ऐकू येतंय! त्यावर एक भावगीतांचं मिक्स केलं. कानाला टोचतंय म्हणून नकळत प्रत्येक ट्रॅकचा वरचा भाग कापत गेलो. गायिकेने ते घरच्या स्पीकरवर ऐकलं आणि विचारलं, "माझ्यावर गोधडी टाकलीत का?" तेव्हा कळलं की पहिल्या दहा मिनिटांचा आनंद आणि दोन तासांचं सुख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानात, घाईत, पाच हेडफोन आलटून पालटून लावले की नेहमी जास्त चमकणारा किंवा जास्त ठोकणारा जिंकतो. घरी आणल्यावर तोच कान किटवतो.

मग आवड ओळखायची कशी? 'वॉर्म', 'ब्राइट', 'एअरी' या विशेषणांच्या मागे लागू नका, प्रत्येक जण ती आपापल्या अर्थाने वापरतो. काय खुपतं ते शोधा. आवडीपेक्षा नावड नेमकी सापडते. तुम्हाला पाठ असलेली चार गाणी घ्या, 'टेस्ट ट्रॅक' म्हणून कुणी सुचवलेली नकोत. त्यातलं एक नुसतं बोलणं असू द्या, आणि तेही अशा माणसाचं ज्याचा आवाज तुम्ही समोरासमोर ऐकलाय. माणसाच्या आवाजाबाबत आपल्या कानाला फसवणं अवघड असतं. तो नाकात येतो का, डब्यातून येतो का, छातीतला भाग हरवलाय का, हे एका वाक्यात कळतं.

गाण्यात मी पहिल्यांदा ऐकतो 'स', 'श' आणि 'च'. या अक्षरांची सळसळ साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. 'सखी' म्हणताना 'स' गाण्यातून सुटून वेगळा अंगावर येत असेल, तर त्या हेडफोनचं तुमच्याशी जमणार नाही, बाकी तो कितीही गुणी असो. दुसरा ऐकतो तंबोरा. जवारीचा झणकार वरच्या अंशस्वरांत (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या उंच स्वरांत) असतो. हेडफोन फार उजळ असला तर तंबोऱ्याची तार झिणझिणते आणि लाकूड नाहीसं होतं; बद्द असला तर नुसता गुंजारव राहतो, जवारी मिटते. तिसरा डग्गा: घुमारा येऊन थांबतो का, की पुढच्या मात्रेवर सांडतो? मित्राच्या हेडफोनवर हे मुद्दाम तपासा. चढा बास आणि सैल बास यांत फरक आहे, आणि रात्री हळू ऐकताना तो पटकन लक्षात येत नाही.

तुमच्या ऐकण्याचा गाभा कुठे आहे, हेही पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा २३३च्या आसपास. ख्यालातला बहुतेक सगळा जीव यापासून वर तीन-चार हजारांपर्यंत आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. ती तुम्हाला अधूनमधूनच लागते. तेव्हा तळातल्या बाससाठी मधल्या भागाचा बळी देणारा हेडफोन तुमच्या उपयोगाचा नाही. खोक्यावर लिहिलेलं '४०,००० हर्ट्झपर्यंत' वगैरेही सोडून द्या. माणसाचा कान तरुणपणी २०,०००पर्यंत जातो आणि वयाबरोबर वरून उतरत येतो.

जुन्या गाण्यांचा एक वेगळा पेच आहे. त्या ध्वनिमुद्रणांत वरचा भाग मुळात थोडा आणि त्याच भागात टेपची सळसळ किंवा तबकडीची खरखर. उजळ हेडफोन गाण्याआधी ही खरखर वर काढतो. शिवाय मोनो गाणं हेडफोनवर डोक्याच्या बरोबर मधोमध बसतं, आणि सुरुवातीच्या काळातल्या काही स्टिरिओ मुद्रणांत गळा एका कानात, वाद्यं दुसऱ्या कानात असतात. स्पीकरवर दोन्ही आवाज हवेत मिसळून दोन्ही कानांना पोचतात. हेडफोनवर मिसळत नाहीत, म्हणून तासाभराने शिणायला होतं. 'क्रॉसफीड' नावाची सोय काही प्लेअरमध्ये असते, ती एका कानातलं थोडंसं दुसऱ्यात सोडते. अशा गाण्यांपुरती चालू करून बघा. मला ती आवडते. माझ्या साहाय्यकाला अजिबात सहन होत नाही.

तुलना करताना एक पथ्य सोडू नका: दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा ठेवा. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला जास्त चांगला वाटतो, अगदी एखाद-दोन डेसिबलने सुद्धा. मोजायचं साधन नसेल तर बोलण्याचा तोच तुकडा लावून दोन्हींवर माणूस तितकाच जवळ बसलाय असं वाटेपर्यंत आवाज जुळवा, मग गाणी लावा. आणि निदान वीस मिनिटं एकच हेडफोन ऐका, मग दुसऱ्याकडे जा. नव्यावरून जुन्यावर परत आलात की जे हरवल्यासारखं वाटेल, ते तुम्हाला नव्यात आवडलेलं होतं.

आता डोकं जड होण्याबद्दल. याला तीन कारणं असू शकतात आणि लांबून मला त्यांतलं एक ठरवता येणार नाही. म्हणून पहिली चाचणी अशी: गाणं न लावता अर्धा तास हेडफोन घालून वाचत बसा. तरी डोकं जड झालं, तर आवाजाचा काही संबंध नाही, पकड घट्ट आहे. चष्म्याची काडी पॅडखाली दाबली जाते आणि कानामागे दुखतं. पट्टा धातूचा असेल तर तो रात्रभर डोक्यापेक्षा किंचित रुंद खोक्यावर ताणून ठेवा, दोन-तीन रात्रींत सैल होतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्याला हे करू नका, तडकेल. बारीक काडीचा दुसरा चष्मा असेल तर तो घालून बघा. मित्राचा हेडफोन जुना आहे, त्याची पकड केव्हाच ढिली झाली असेल; कदाचित तुम्हाला आवडला तो आवाज नसून हा सैलपणा असेल. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नुसतं घालून काही झालं नाही, तर दुसरी चाचणी. कुठलाही पॅरामेट्रिक इक्वलायझर घ्या, म्हणजे हव्या त्या स्वरांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय; विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' फुकट मिळतो. त्यात एकच बँड (स्वरांचा पट्टा) उघडा: ८,००० हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू (पट्ट्याचा अरुंदपणा) २. खुपणारं गाणं लावा आणि तो बँड चालू-बंद करत राहा. त्रास कमी झाला का? नसेल तर ६,०००ला आणा, मग ३,५००ला. नेमकी जागा शोधायची असेल तर टोन जनरेटरवर (हवा तो एक स्वर वाजवणाऱ्या अ‍ॅपवर) एकच स्वर अगदी हळू लावून ३,००० ते १०,०००पर्यंत सावकाश सरकवा. मधेच एका ठिकाणी तो सुईसारखा उसळी मारेल. माझ्या एका हेडफोनवर ती जागा माझ्या कानाला ८,४००ला सापडली आणि साहाय्यकाच्या कानाला ७,६००ला. तोच हेडफोन, तीच खुर्ची. कानाची नळी आणि पाळी प्रत्येकाची वेगळी असल्याचा याहून सोपा पुरावा माझ्याकडे नाही. ती जागा तीन-चार डेसिबल खाली घेतलीत की कित्येक 'टोचरे' हेडफोन शांत होतात.

तिसरी चाचणी बासची. १०० हर्ट्झला लो-शेल्फ लावा, म्हणजे त्याखालचे सगळे स्वर एकदम उचलणारा बँड, अधिक ३ डेसिबल. तेवढाच प्रीअँप (इक्वलायझरमधला एकूण आवाज) उणे करायला विसरू नका, नाहीतर आवाज फाटेल. रात्री हळू ऐकताना यानेच समाधान झालं, तर तुमचा हेडफोन बदलायची गरजच नाही. इक्वलायझर वापरणं म्हणजे हेडफोनचा अपमान, असं मानणारे लोक आहेत. स्टुडिओत आम्ही प्रत्येक गळ्याला, प्रत्येक वाद्याला इक्वलायझर लावतो. शेवटच्या पायरीवर तो एकदम अस्पृश्य कसा होतो, मला कळलेलं नाही.

सवय होईल का, हेही विचारलंत. होईल थोडी. पॅड मऊ होतात, आणि मेंदू नव्या आवाजाशी जुळवून घेतो. ड्रायव्हर शंभर तास वाजवून 'मोकळा' होतो या गोष्टीवर माझा भरवसा नाही. तेवढ्या वेळात ऐकणारा मोकळा होतो. दोन आठवडे द्या. ज्याने डोकं दुखतं त्याला त्याहून जास्त देऊ नका.

अँप्लिफायरचा मोह बहुतेक आताच सुरू झाला असेल, कारण कुणीतरी 'याला अँप लागतो' म्हटलंच असणार. हिशेब सोपा आहे. लॅपटॉपचा आवाज साठ-सत्तर टक्क्यांवर पुरेसा होतोय का? होत असेल तर अँपने मोठं काही घडणार नाही. ३०० ओहमसारखा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा, हेडफोन असेल आणि शंभर टक्क्यांवरही मंद लागत असेल, तर घ्या. टोचणारा आवाज अँप बदलून गोड होत नाही. वायरलेसचंही तसंच. एलडॅक हा ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवण्याचा कोडेक सेकंदाला कमाल ९९० किलोबिटपर्यंत जातो, सीडीचा प्रवाह १,४११चा, आणि हा फरक दोन हेडफोनांच्या स्वभावांतल्या फरकापुढे किरकोळ आहे. वायरलेसमध्ये मी बॅटरीचा विचार आधी करतो. वायरचा हेडफोन पंधरा वर्षं चालतो, बॅटरी इतकी टिकत नाही.

ओपन की क्लोज्ड? ओपन-बॅकची परंपरा सेनहायझरच्या एचडी ४१४पासून, म्हणजे १९६८पासून. आवाज मोकळा लागतो, कान तापत नाहीत, पण आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. रात्री शेजारी कुणी झोपलेलं असेल तर हा प्रश्न रुचीच्या आधी सुटतो. क्लोज्डमध्ये बास पॅडच्या सीलवर अवलंबून असतो. चष्म्याच्या काडीने फट पडली की तो गळतो, म्हणून चष्मेवाल्यांनी क्लोज्ड हेडफोन चष्म्यासकटच ऐकून घ्यावा.

तरीही बदलायचाच ठरला, तर काही खुणेचे दगड देतो. त्यांच्याभोवती स्वतःची जागा ठरवा. सेनहायझरचा एचडी ६०० (१९९७) आणि त्याचा थोडा मवाळ भाऊ एचडी ६५० (२००३): मधला भाग, म्हणजे गळा, पुढे, वरचे स्वर सभ्य, अगदी तळाचा बास कमी. दोन्ही ३०० ओहमचे, नव्यात पकड घट्ट. बायरडायनॅमिकचा डीटी ९९०: खालचं आणि वरचं दोन्ही चढं. ज्याला रोमांच हवा त्याला आवडतो, तुमच्या वर्णनावरून तुम्हाला बहुधा नाही. ग्रॅडोचे छोटे हेडफोन गिटारला आणि वरच्या मधल्या भागाला पुढे आणतात. दोन तास ऐकायला मला जड जातात, पण त्यांच्यावर जीव टाकणारे कमी नाहीत. एकेजीचा के७०२ ऐसपैस, तळाला हलका. सोनीचा एमडीआर-७५०६ (१९९१) क्लोज्ड, कामाचा, दोष पकडायला उत्तम, पण वरून धारदार. प्लॅनर (कोनाऐवजी सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनांत तळाचा बास सहसा सरळ खालपर्यंत जातो, वजन मात्र जास्त असतं, आणि चष्म्यावर वजन नकोच.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल एचडी ६५०च्या स्वभावाकडे आहे, त्याला जोडून रात्रीसाठी बासचा तो छोटा शेल्फ. घरात शांतता राखायची असेल तर मित्राच्या हेडफोनसारखाच क्लोज्ड. पण आधी त्या तीन चाचण्या, आहे त्याच हेडफोनवर, दोन संध्याकाळी. आणि मित्राकडून त्याचा हेडफोन आठवडाभर मागून घ्या, एका बैठकीवर विसंबू नका. तो विकायला तयार झाला, तर पॅड बघा. चेपलेल्या पॅडमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, आवाज बदलतो. तुम्हाला आवडलेला आवाज कदाचित त्या चेपलेल्या पॅडचाच असेल. नवे पॅड बसवलेत तरी जुने फेकू नका.